मुहूर्तापुरतं

शरदचंद्रांना मुहूर्ताचं वेड आहे असं त्यांच्या तोंडावर म्हणायची सोय नव्हती. "मी बार्शीच्या कॉलेजात जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, पंचांग नाही," असं ते ठणकावून सांगायचे. तरीसुद्धा त्या शुक्रवारी सून आपला प्रबंध ग्रंथालयाच्या सर्व्हरवर चढवायला बसली, तेव्हा "सोमवारी दसरा आहे, आजच कसली घाई?" असं म्हणून त्यांनीच तिला संगणकावरून उठवलं होतं. आपल्याला कशाचं वेड आहे हे माणसाला सगळ्यांत शेवटी कळतं.

सून म्हणजे मैथिली. चार वर्षं जर्मनीत डार्मश्टाटच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये राबून तिनं पाणी गाळायचा एक पातळ पडदा तयार केला होता. त्यावर तिनं शोधलेला लेप दिला, की विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड अडकून राहायचं. जुलैमध्ये, म्हणजे २००६ च्या उन्हाळ्यात, तोंडी परीक्षा झाली, प्रोफेसर हाल्बश्टाइननी दोन्ही हातांनी हात दाबून अभिनंदन केलं, सहकाऱ्यांनी पुठ्ठ्याची भली मोठी टोपी डोक्यावर चढवली. पण डॉक्टर काही ती झाली नाही. कारण ह्या देशात प्रबंध प्रसिद्ध झाल्याशिवाय नावामागे 'डॉक्टर' लावता येत नाही, आणि लावलं तर तो चक्क गुन्हा होतो. पूर्वी त्यासाठी पदरमोड करून गठ्ठ्यानं प्रती छापाव्या लागत. आता ग्रंथालयानं सोय केली होती: फाइल सर्व्हरवर चढवा, चार-पाच प्रती बांधून द्या, झालात प्रसिद्ध. रंगीत आलेख टाका, त्याचेही पैसे नाहीत. जगातल्या कुणीही उघडावं आणि वाचावं.

ह्या सोयीचं शरदचंद्रांना केवढं अप्रूप! मैथिलीच्या सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच लेकाकडे राहायला आले होते, आणि आल्यापासून रोज कुणा ना कुणाचा इंग्रजी प्रबंध उघडून लहान मुलासारखे वाचत बसायचे. त्यांच्या काळी बार्शीत परदेशी नियतकालिक बघायलाही मिळायचं नाही. लेखाचं नुसतं नाव कळायचं. मग ते लेखकाला एक छापील कार्ड पाठवायचे: 'डियर सर, आपल्या अमुक लेखाची एक प्रत पाठवल्यास फार आभारी होईन.' कधी सहा महिन्यांनी तपकिरी पाकीट यायचं, पुष्कळदा यायचंच नाही. पाकिटावरची जर्मन तिकिटं शार्दूल, त्यांचा मुलगा, वाटीत भिजवून सोडवायचा. एका पाकिटातून मात्र असा लेख निघाला, की त्यात शरदचंद्रांनी दोन वर्षं खपून केलेलं सगळं काम होतं. कुणा जर्मनानं ते आधीच करून छापून टाकलं होतं, आणि बार्शीला पत्ता नव्हता. त्यानंतर त्यांनी संशोधनाचं नाव काढलं नाही. घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी काढत नसे.

आता ह्या सोयीत एक मेख होती. लेपाची कृती प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात होती आणि तिचं पेटंट घ्यायचं होतं. कायदा असा, की अर्ज दाखल होण्याआधी कृती जगापुढे आली तर पेटंट मेलं, मग ती खुद्द शोधणाऱ्यानं का आणलेली असेना. अर्ज गुरुवारी जायचा होता. त्याच्या जोरावर प्रोफेसर एक छोटी कंपनी काढणार होते, मैथिलीला त्यात काम मिळणार होतं, आणि येन्स नावाच्या तिच्या सहकाऱ्यानं तर त्या भरवशावर हातची नोकरी सोडली होती. पेटंट नाही तर पैसे घालणारा नाही, आणि पैसे नाहीत तर कंपनी नाही. शुक्रवारी संध्याकाळी प्रोफेसरांची मेल आली: गुरुवारच्या आत प्रबंधातली एक ओळसुद्धा बाहेर जाता कामा नये. मग ते सुट्टीवर गेले. मंगळवारी जर्मनीच्या एकीकरणाची सुट्टी, सोमवार मधला, म्हणून अर्धा देशच सुट्टीवर होता.

सोमवारी सकाळी शरदचंद्र अंघोळ करून, धोतर नेसून तयार. आपट्याची पानं मिळेनात म्हणून खालच्या बागेतल्या कुठल्याशा झाडाची पानं त्यांनी वाटीत ठेवली होती. शार्दूल कंपनीच्या कामाला झिंडेलफिंगेनला गेलेला. घरात दोघंच.

"बाबा, मला वाटतं राहू दे आज," मैथिली म्हणाली. "गुरुवारनंतरच चढवते."

"अगं, मुहूर्तापुरतं तरी चढव. दसऱ्याला गाडीची नुसती पूजा नाही का करत, चालवायची नंतर? ते ग्रंथालयवाले तपासल्याशिवाय कुठे उघडं करतात? तूच म्हणालीस ना."

म्हणाली होती खरी. फाइल चढवली तरी ती आत पडून राहायची. ग्रंथालयातला माणूस सहीचे कागद बघायचा आणि मगच जगाला खुली करायचा. शिवाय आज तिथे असणार तरी कोण? दहा तारखेला बाबांचं परतीचं विमान होतं. सुनेला कुणीतरी 'फ्राऊ डॉक्टर', म्हणजे डॉक्टरबाई, म्हणताना ऐकावं एवढी एकच हौस त्यांनी बोलून दाखवली होती. मैथिलीला ते मोडवेना. तिनं फाइल निवडली, शरदचंद्रांनी माउसवर बोट ठेवलं, आणि प्रबंध गेला. मग दोघांनी श्रीखंड-पुरी खाल्ली.

दुपारी ती भांडी घासत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीतून शरदचंद्रांची हाक आली. आवाजात असा आनंद होता की ती हात न पुसताच आली.

"मैथिली, ये, हे बघ! तुझं नाव टाकलं आणि पहिलंच तू! आणि बघ, दिनकरचं उत्तरसुद्धा आलं."

दिनकर म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी, आता बार्शीलाच शिकवत होता. पडद्यावर त्याची मेल होती. 'सर, गांधी जयंतीची सुट्टी आहे म्हणून कॅफेत येऊन बसलो होतो. आपण पाठवलेली लिंक लगेच उघडली. संपूर्ण प्रबंध उतरवून घेतला, चौथं प्रकरण वाचतोय. सूनबाईंचं अभिनंदन.'

मैथिलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं लिंक दाबली. ग्रंथालयाचं पान उघडलं, प्रबंध उघडला, चौथं प्रकरण उघडलं. लेपाची सगळी कृती, तापमानासकट, रंगीत आलेखांसकट, समोर.

तिनं ग्रंथालयाला फोन लावला. तिथे हेर, म्हणजे श्रीयुत, पोट्राट्झ म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी लगेच उचलला. हो, त्यांनीच खुली केली, आजच सकाळी. तुमचे सहीचे कागद तर ऑगस्टपासून आमच्याकडेच आहेत ना, फ्राऊ कुलकर्णी? सगळं नियमात होतं. तेवढंच सुट्टीच्या आधी तुमचं काम मार्गी लागलं. माणूस खूश होऊन बोलत होता, कारण सगळं शहर सुट्टीवर असताना तो एकटा इमानानं कामाला आला होता. आणि मैथिलीला आठवलं. एक खेप वाचावी म्हणून तिनंच उन्हाळ्यात सगळ्या कागदांवर सह्या करून ते एकगठ्ठा देऊन टाकले होते.

"काढून टाका ते. प्लीज. आत्ताच्या आत्ता."

"हो, काढतो," ते म्हणाले. "पण ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून कसं काढणार?"

तिनं फोन ठेवला. शरदचंद्र उभे होते. त्यांना अर्धवट कळलं होतं, आणि अर्धवट कळणं हे सगळ्यांत वाईट.

"मी दिनकरला फोन करू का? वाचू नकोस म्हणून सांगतो. तो ऐकेल माझं."

"त्यानं काय होणार आहे, बाबा?" मैथिलीचा आवाज चढला. "एकानं वाचलं काय आणि हजारांनी वाचलं काय! सगळं संपलं. येन्सला काय सांगू मी? तुमचं सगळं आयुष्य उशिरात गेलं, म्हणून माझी अशी घाई करायची होती का तुम्हाला?"

बोलून गेली. बोलल्याबरोबर तिला कळलं की हे बोलायचं नव्हतं, निदान हे तरी नव्हतं. शरदचंद्रांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, पुन्हा लावला. "खरं आहे," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत बसले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर तिला बरं वाटलं असतं.

शार्दूलचा मोबाइल बंद होता. प्रोफेसरांचाही बंद. राहिल्या पेटंटवाल्या वकीलबाई, फ्राऊ लिंडनाउ. त्यांच्या फ्रांकफुर्टच्या ऑफिसात यंत्र बोललं आणि यंत्रानं मोबाइल नंबर दिला. त्या बेन्सहाइमजवळ द्राक्षमळ्यातून भटकत होत्या. मागे लोक हसत होते, ग्लासं वाजत होती. मैथिलीनं एका दमात सगळं सांगितलं.

पलीकडचं हसणं मागे पडलं, बाई लोकांपासून बाजूला झाल्या असाव्यात.

"आल्झो, असं बघा," बाई म्हणाल्या. "रडू नका. मला एकच सांगा. ते कोणत्या दिवशी दिसायला लागलं?"

"आज. आज सकाळी."

"काल नाही? शुक्रवारी नाही? एक मिनिटभरसुद्धा?"

"नाही."

"ते ग्रंथालयवाले तसं लिहून देतील?"

"देतील."

"मग ऐका. कायदा दिवस मोजतो, तास नाही. अर्जाच्या दिवसाच्या *आधी* जे बाहेर आलं, ते नडतं. त्याच दिवशी आलं, ते नाही. अर्ज आज म्युनिकच्या पेटंट ऑफिसात पोचला तर तुमचा प्रबंध आम्हाला काही करू शकत नाही. माझा मसुदा ऑफिसात आहे, तो आता मिळायचा नाही. अख्खा प्रबंधच अर्ज म्हणून पाठवू, फॅक्सनं. इंग्रजीत असला तरी चालेल, भाषांतर नंतर देता येतं. तुम्ही छापायला घ्या. मी निघाले."

मैथिलीनं फोन कानापासून काढला, पण हातातून सोडला नाही. शुक्रवारी. शुक्रवारी ती स्वतःच चढवायला बसली होती, कुणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी ग्रंथालय भरलेलं होतं, कागद त्यांच्याकडे तयार होते, तासाभरात कुणीतरी खुली केली असती. मग आज फ्राऊ लिंडनाउंना काहीच करता आलं नसतं. तिला शरदचंद्रांकडे बघवेना.

"इन्स्टिट्यूटला जायचंय," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "छापून फॅक्स करायचंय."

शरदचंद्र उठले. त्यांनी धोतर बदलून पँट चढवली, कोट घातला आणि न विचारता दाराशी येऊन उभे राहिले. ट्रॅममध्ये दोघं शेजारी बसले.

इन्स्टिट्यूटमध्ये चिटपाखरू नव्हतं. सेक्रेटरीच्या खोलीतल्या झाडांना पाणी घालायची पाळी मैथिलीची होती म्हणून तिथली किल्ली तिच्याकडे होती. छपाईचं यंत्र चालू झालं. पानं पडू लागली. तिनं फोनवर मागितलेला दाखला हेर पोट्राट्झनी फॅक्सवर पाठवलासुद्धा, सकाळची वेळ घालून, शिक्क्यासह. मैथिलीच्या जिवात थोडा जीव आला. तिनं चौथ्या प्रकरणाची पानं उचलली आणि तो पुन्हा गेला.

आलेख. पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या रेघा कशा उठून दिसत होत्या! रंग फुकट म्हणून तिनं हौसेनं रंग वापरले होते. ह्या यंत्रातून त्या सगळ्या सारख्याच राखाडी निघाल्या होत्या, आणि फॅक्समधून निघाल्या की सगळ्या काळ्याकुट्ट होणार होत्या. कुठली रेघ लेप दिलेल्या पडद्याची आणि कुठली बिनलेपाची, हे म्युनिकला कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि शोध म्हणतात तो त्या दोन रेघांमधल्या फरकातच तर होता.

"रंगीत यंत्र तळमजल्यावर आहे, कुलपात," ती म्हणाली. "आणि फॅक्स कुठला रंगीत पाठवतोय! काय करू आता मी?" ती मटकन खुर्चीत बसली.

शरदचंद्रांनी एक पान उचलून खिडकीशी धरलं.

"ह्यात बिनलेपाची कुठली?" घर सोडल्यापासूनचं त्यांचं हे पहिलं वाक्य.

"लाल. ती वरची."

"आणि लेपाची?"

"हिरवी."

"पेन दे. काळं, जाड नको." ते टेबलाशी बसले. "आमच्या वेळी रंग नव्हतेच. बिनलेपाला गोल, लेपाला त्रिकोण, तिसरीला फुली. तू पडद्यावर बघून सांगत जा. आकड्यांत चूक नको."

मग सासरा-सून कामाला लागली. ती संगणकावर बघून सांगायची, हा बिंदू लाल, हा हिरवा, आणि शरदचंद्र गोल, त्रिकोण, फुल्या काढत जायचे. आयुष्यभर फळ्यावर आणि आलेखाच्या कागदावर हात चाललेला. आता थोडा कापायचा, पण पेन टेकलं की स्थिर व्हायचा. पट्टी सापडेना, तेव्हा त्यांनी कोटाच्या खिशातून एक कार्ड काढलं आणि त्याच्या कडेनं रेघा ओढल्या. मैथिलीला दर पानागणिक वाटत होतं, माफी मागावी. पण माफी मागायची तर थांबावं लागलं असतं, आणि थांबायला फुरसत नव्हती. हे तिनं स्वतःला सांगितलं. खरं तर तिची छाती होत नव्हती.

फ्राऊ लिंडनाउ आल्या त्या चिखलानं भरलेल्या बुटांनी, पाठीवर सॅक, गाल वाऱ्यानं लाल. त्यांनी आलेख पाहिले, "गेनाऊ, असंच हवं," म्हणाल्या, अर्जावर सही ठोकली आणि गठ्ठा फॅक्सच्या तोंडी दिला.

म्युनिकचा नंबर लागेना. पुन्हा लावला. लागेना. सुट्टीच्या तोंडावर साऱ्या जर्मनीलाच काही ना काही पाठवायचं होतं की काय कोण जाणे. तिसऱ्यांदा लागला, काही पानं गेली आणि यंत्रानं दोन पानं एकदम ओढून आवळून धरली. मैथिलीनं झाकण उघडून ती सोडवली, चुरगळलेली हातानं सपाट केली, पुन्हा पहिल्यापासून. बाहेर उजेड उतरत चालला होता. तिघंही यंत्राभोवती उभी, पान आत जाताना बघत. शरदचंद्र पुढचं पान सरळ करून देत होते.

शेवटचं पान गेलं. यंत्र क्षणभर गप्प बसलं आणि मग त्यानं एक चिठोरं बाहेर टाकलं. सगळी पानं पोचली. त्यावर आजची तारीख.

"झालं," फ्राऊ लिंडनाउ म्हणाल्या आणि चिठोऱ्याची प्रत काढून सॅकमध्ये ठेवली. "आजचा दिवस मिळाला. शुक्रवारी चढवलं असतंत तर मी अजून वाइन पीत बसले असते, आणि तुम्ही रडत. कुणी अडवलं होतं तुम्हाला शुक्रवारी?"

मैथिलीनं शरदचंद्रांकडे पाहिलं. त्यांना जर्मन कळत नव्हतं. ते विखुरलेली पानं गोळा करून क्रमानं लावत होते, कडा ठोकून ठोकून.

बाई निघून गेल्या. पायऱ्यांवर त्यांच्या बुटांचा आवाज विरला, तेव्हा मैथिलीनं टेबल आवरायला घेतलं. आलेखांच्या पानांखाली ते कार्ड होतं, ज्याच्या कडेनं रेघा ओढल्या होत्या. कडेला शाई लागलेली. तिनं उलटवलं.

जुनं, पिवळं पडलेलं छापील कार्ड. कॉलेजचं नाव, बार्शी. 'डियर सर' मधलं 'सर' नीट खोडलेलं आणि वर शाईनं लिहिलेलं: 'डॉ. मैथिली'. खाली छापलेलं वाक्य तसंच: आपल्या लेखाची एक प्रत पाठवल्यास फार आभारी होईन. लेखाच्या रिकाम्या जागी तिच्या प्रबंधाचं नाव, तारीख दसऱ्याची, आणि शरदचंद्रांची सही.

"ते होय," शरदचंद्र ओशाळून म्हणाले. "शेवटचं उरलं होतं एक. सकाळी पानांबरोबर सोनं म्हणून द्यायचं होतं. जेवल्यावर देईन म्हटलं, आणि मग... राहिलंच."

मैथिलीचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवले नाहीत. "बाबा, मी फार वाईट बोलले," ती म्हणाली. "आणि खोटं बोलले. शुक्रवारी मीच घाई केली होती. तुम्ही थांबवलंत म्हणून वाचलं सगळं. त्या बाई तेच विचारत होत्या."

शरदचंद्रांनी मान हलवली. "मी कुठे थांबवलं? मुहूर्तानं थांबवलं. आणि मी मुहूर्त मानत नाही."

ती रडता रडता हसली. मग तिनं तो गठ्ठा उचलला, फॅक्समधून निघालेला, मधली पानं चुरगळलेली, चौथ्या प्रकरणात त्यांच्याच हातचे गोल आणि त्रिकोण असलेला. पहिल्या पानावर तिनं लिहिलं, 'बाबांना, सप्रेम, लेखिकेकडून', सही केली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला.

शरदचंद्रांनी तो घेतला. किती तरी वेळ पहिल्या पानावरून अंगठा फिरवत राहिले.

"एवढ्या लवकर," ते म्हणाले, "कुणीच पाठवला नव्हता."